जुन्या जीपचे मागचे ब्रेक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महिंद्राने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातल्या सीजे-3बीसारख्या गाड्या पुण्यात आजही हौसेने जपल्या जातात आणि सिंहगड, ताम्हिणीला नेल्याही जातात. रंगावर आणि इंजिनावर सढळ खर्च होतो, पण मागच्या ड्रममध्ये वर्षानुवर्षं कोणी डोकावत नाही. त्याचं कारण हे गैरसमज.

गैरसमज : गाडी पुढच्या ब्रेकवर थांबते, मागे थोडी गळती असली तरी चालतं.
वस्तुस्थिती : ब्रेक दाबल्यावर भार पुढे सरकतो, हे खरं. पण मूळ विलिस रचनेत मास्टर सिलिंडर एकेरी असतो आणि चारही चाकांना एकाच वाटेने दाब पोहोचतो. मागच्या एका व्हील सिलिंडरचं रबर फाटलं, तर चारही चाकांचा ब्रेक जाऊ शकतो. गळती दिसली की गाडी उभी करा.

गैरसमज : हँडब्रेक धरत नाही, म्हणजे मागचे लायनर संपले.
वस्तुस्थिती : या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकात नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. त्याचे लायनर आणि सेटिंग वेगळं. तो मुख्यतः उभ्या गाडीसाठी आहे.

गैरसमज : तेलकट लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवता येतो.
वस्तुस्थिती : तेल लायनरच्या आत मुरतं. तापला की ते पुन्हा वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते. लायनर बदलाच, तोही दोन्ही चाकांचा. पण आधी तेल कुठून आलं ते शोधा : व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल, की ॲक्सलच्या सीलमधून डिफरन्शियलचं ऑइल? कारण तसंच राहिलं, तर नवे लायनरही वाया जातील.

गैरसमज : ड्रम निघत नसेल, तर हातोडा मारा.
वस्तुस्थिती : अनेक जुन्या जीपमध्ये मागचा हब निमुळत्या ॲक्सलवर चावीसह घट्ट बसलेला असतो. तो पुलरनेच काढायचा. ठोकाठोकीत ॲक्सलचे आटे बिघडतात.

गैरसमज : आतली धूळ हवेच्या झोताने उडवावी.
वस्तुस्थिती : जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतो आणि तो कर्करोगाला कारण ठरतो. धूळ ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा.

गैरसमज : दोन्ही शू सारखेच, कसेही बसवा.
वस्तुस्थिती : पुढच्या आणि मागच्या शूच्या लायनरची लांबी वेगळी असू शकते. एका वेळी एकच चाक उघडा, म्हणजे दुसरं नमुना म्हणून समोर राहतं. विलिसचा मूळ ड्रम 9 इंची, पुढच्या मॉडेलांत तो मोठा झाला. म्हणून नाना पेठेत सुटे भाग घ्यायला जाताना जुना शू सोबत न्या. ड्रमवर चर पडले असतील तर लेथवर टर्निंग होतं, पण मॅन्युअलमधल्या कमाल व्यासापलीकडे नाही. त्यापुढे ड्रमच बदलायचा.

गैरसमज : घाटात ब्रेक ढिला पडला, म्हणजे भाग खराब.
वस्तुस्थिती : सतत दाबल्याने ड्रम तापतो आणि नव्या लायनरचीही पकड कमी होते. डॉट 3 ब्रेक ऑइल ताजं असताना किमान 205 अंश सेल्सिअसला उकळतं. ओलावा शोषून घेतल्यावर हा बिंदू 140 अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑइल नियमित बदला आणि उतारावर लहान गिअर वापरा.

काम झाल्यावर लाइनमधली हवा काढा, शूचं सेटिंग करा, आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर चाचणी घ्या आणि मगच घाट चढा. जुनी गाडी जपायची, तर खर्चाची सुरुवात ब्रेकपासून व्हायला हवी.