नाभीय अंतर आणि छायाचित्रकाराची निवड

‘पंचाऐंशीचे भिंग चेहरा सपाट करते, अठ्ठावीसचे नाक मोठे करते’ असे छायाचित्रकार सर्रास म्हणतात. व्याकरणदृष्ट्या येथे करणालाच कर्ता केले आहे. भाषेत हे चालते. परंतु या प्रयोगाने खरे कारण झाकले जाते.

एकाच जागेवरून २८ व ८५ मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगांनी चित्रे घ्यावीत आणि पहिल्याचा मधला भाग तेवढाच मोठा करावा. नाक व कान यांचे परस्परप्रमाण दोहोंत सारखेच आढळेल. भिंगाने बदलतो तो दर्शनकोन. २४×३६ मिलिमीटरच्या चौकटीत तो अनुक्रमे सुमारे ७५ व २८ अंश असतो. मात्र चेहरा चौकटीत तितकाच मोठा हवा असल्यास, ८५ने जे दीड मीटरवरून साधते त्यासाठी २८ला अर्ध्या मीटरवर यावे लागते. नाक फुगते ते या जवळिकीमुळे.

तेव्हा भिंगाची आवड ही बव्हंशी माणसांपासून किती दूर राहावयाचे याची आवड होय. गॅरी विनोग्रँड २८ घेऊन रस्त्यावरील गर्दीत शिरत. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी मुख्यतः ५० वापरले. या ५०ला ‘नॉर्मल’ म्हणतात खरे. पण उपरोक्त चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटरच भरतो. १९२५ साली विक्रीस आलेल्या लायका कॅमेऱ्यास ५०चे भिंग होते, आणि पुढे तेच रूढ झाले. प्रमाणभाषेचे प्रमाणत्वही पुष्कळदा असेच ठरते.

दीड मीटरवरील आणि अर्ध्या मीटरवरील छायाचित्रकारासमोर माणूस सारखाच बसेल, असे मात्र नाही. चेहऱ्यावरील तो संकोचही मग भिंगाच्याच नावे मांडला जातो.