औषधांची साखळी : दिसली तरच सांभाळता येते

रुग्णाला चिठ्ठी लिहून देताना आपल्यासमोर त्याचा आजार असतो, त्याचे वय असते, त्याची ऐपतही असते. ते औषध कोणत्या गावी तयार झाले, कोणत्या कच्च्या मालापासून झाले आणि किती हातांतून फिरत आपल्या दवाबाजारात पोचले, हा विचार मात्र क्वचितच मनात येतो. एरवी त्याची गरजही भासत नाही. ज्या दिवशी औषध मिळत नाही, किंवा मिळालेले औषधच घातक निघते, त्या दिवशी हा सारा अदृश्य प्रवास एकाएकी महत्त्वाचा ठरतो.

व्यापार-उद्योगात या प्रवासाला ‘पुरवठा साखळी’ म्हणतात. ती तुटण्याचा धोका कमी करण्याचे दोन मुख्य उपाय आहेत. पहिला, माल कोठे आहे, किती आहे आणि कोणत्या स्थितीत आहे, हे साखळीतील सर्वांना दिसणे. दुसरा, जे दिसते त्यानुसार सर्वांनी मिळून वागणे. आपला दवाखाना, नर्सिंग होम किंवा औषधांचे दुकान हाही एक व्यवसायच आहे. फरक इतकाच, की अन्य व्यवसायांत साखळी तुटली तर पैशाचे नुकसान होते; आपल्याकडे माणूस जातो.

प्राणवायूचा धडा

एप्रिल २०२१ आपल्यापैकी कोणीही विसरू शकणार नाही. कोरोनाच्या पहिल्या लाटेत देशाची वैद्यकीय ऑक्सिजनची कमाल मागणी दिवसाला सुमारे ३,१०० टन होती. दुसऱ्या लाटेत ती ९,००० टनांच्या घरात गेली. परंतु अडचण केवळ उत्पादनाची नव्हती. द्रव ऑक्सिजन मोठ्या प्रमाणावर तयार होत होता तो पूर्व भारतातील पोलाद कारखान्यांत, आणि निकड होती ती पश्चिमेला व उत्तरेला. उणे १८३ अंशांवर द्रवरूप होणारा हा वायू वाहून नेण्यास विशेष टँकर लागतात, आणि नेमके तेच अपुरे होते. भरलेला टँकर विमानातून नेता येत नाही. म्हणून हवाई दलाच्या विमानांनी आपल्या इंदूरहून रिकामे टँकर जामनगरला पोचवले आणि भरलेले टँकर रस्त्याने परत आले. एका फेरीतील निम्मा वेळ त्यामुळे वाचला. त्याच सुमारास, १९ एप्रिल रोजी, नवी मुंबईतील कळंबोलीहून पहिली ‘ऑक्सिजन एक्स्प्रेस’ विशाखापट्टणमला निघाली व भरलेले टँकर घेऊन नागपूर आणि नाशिकला परतली. कारखाने, रेल्वे, हवाई दल आणि राज्य शासने यांनी एकमेकांकडील साधने एकत्र मोजली, तेव्हाच हे शक्य झाले.

मात्र संकट आल्यावर धावणे वेगळे आणि आधी ओळखणे वेगळे. आपल्या बडवानी जिल्ह्याला लागून असलेल्या नंदुरबारचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. या आदिवासीबहुल जिल्ह्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः एम.बी.बी.एस. परदेशांतील दुसऱ्या लाटेचे स्वरूप पाहून त्यांनी सप्टेंबर २०२० मध्येच हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे पहिले संयंत्र जिल्ह्यात बसवले व पुढे त्यांची संख्या वाढवली. त्यासाठी शासकीय निधी आणि उद्योगांचा सामाजिक निधी यांची सांगड घातली गेली. मोठी शहरे सिलिंडरसाठी वणवण करीत असताना या लहान जिल्ह्याने शेजारच्या राज्यांतील रुग्णांनाही आधार दिला.

बाटलीतले विष

तुटवडा निदान दिसतो तरी. भेसळ दिसत नाही. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रावक होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदी, परवाने आणि तपासणी यांतील अनास्था व भ्रष्टाचार उजेडात आणला. ते ग्लिसरॉल अनेक हातांतून गेले, पण त्यात काय आहे हे वेळेवर पाहिले गेले नाही.

जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, तेच विष आपल्याच राज्यात छिंदवाडा जिल्ह्यात आले. ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याचे औषध घेतलेली वीसहून अधिक बालके मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक परासिया परिसरातील होती. औषध तामिळनाडूत तयार झालेले, मुले मध्यप्रदेशातील, आणि त्यांच्यापैकी अनेकांवर उपचार झाले ते नागपुरात. तीन राज्यांत विखुरलेले हे धागे जुळेपर्यंत बालके जातच राहिली. ऑक्टोबरच्या आरंभी मध्यप्रदेशाने कळवल्यावर तामिळनाडूच्या यंत्रणेने नमुना तपासला, तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. तपासणी करायचे ठरल्यावर उत्तर अल्पावधीत मिळाले. उशीर झाला तो माहिती एकत्र येण्यास.

माहिती आणि विश्वास

साखळी दिसू शकते, याचे उत्तम उदाहरण लसीकरणात आहे. २०१५ पासून मध्यप्रदेशासह अनेक राज्यांत ‘ईविन’ ही व्यवस्था सुरू झाली. शीतपेटीतील लसींचा साठा मोबाइलवर नोंदवला जातो आणि तापमान २ ते ८ अंशांच्या बाहेर गेल्यास संबंधितांना सूचना मिळते. पुढे कोरोना लसीकरणाची ‘कोविन’ व्यवस्थाही याच पायावर उभी राहिली. त्याचप्रमाणे १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख औषधनामांच्या वेष्टनांवर क्यूआर कोड किंवा बारकोड बंधनकारक झाला आहे.

पण केवळ दिसणे पुरेसे नाही. २०२१ मध्ये आपल्या दवाबाजारासमोर रेमडेसिविरसाठी लागलेल्या रांगा आठवाव्यात. तुटवड्याची कुणकुण लागताच प्रत्येक जण गरजेच्या दुप्पट मागणी नोंदवतो. घाऊक विक्रेत्याला ती खरी वाटते आणि खरोखरीची गरज त्या गर्दीत हरवते. शेजारच्या रुग्णालयात साठा आहे हे कळले, पण परस्परविश्वास नसला, तर तीच माहिती झुंबड उडवते. माहितीशिवाय सहकार्य आंधळे असते आणि सहकार्याशिवाय माहिती पांगळी.

आपल्या हाती काय?

मोठ्या योजनांची वाट न पाहता काही गोष्टी आपणही करू शकतो. लहान रुग्णालयांनी जीवरक्षक औषधांची एक सामायिक यादी करावी, आठवड्याला साठा एकमेकांना खरा कळवावा आणि अडचणीत उसनवारीने औषध देण्याचा नियम कायदेशीर नोंदींसह शांततेच्या काळातच ठरवावा. प्रत्येक महत्त्वाच्या औषधासाठी दुसरा पुरवठादार हेरून ठेवावा. खरेदी पक्क्या बिलानेच करावी आणि रुग्णाच्या कागदपत्रांत औषधाचा बॅच क्रमांक लिहावा, कारण संशय आल्यावर मागोवा घेण्याचा तोच एक धागा असतो. अनपेक्षित दुष्परिणाम दिसल्यास औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. आणि मूत्रपिंड निकामी झालेले दुसरे बालक आले, तर तिसऱ्याची वाट न पाहता सहकाऱ्याला दूरध्वनी करून ‘तुमच्याकडेही असे कोणी आले का?’ एवढे विचारावे.

समाजातील इतर बंधुभगिनींनीही औषधाचे बिल मागून घ्यावे, बाटली लगेच फेकू नये आणि उरलेले औषध दुसऱ्या मुलाला परस्पर देऊ नये. साखळीचे शेवटचे टोक त्यांच्याच घरात असते.

छिंदवाड्याच्या त्या बाटल्या अनेक डोळ्यांसमोरून गेल्या. यापुढे जी बाटली आपल्या हातून रुग्णाकडे जाईल, तिचा मागचा रस्ता आपल्याला ठाऊक असावा, एवढा निश्चय आपण सर्वांनी मिळून केला, तरी पुष्कळ साधेल.