खिडकीला हातमागाचा पडदा

दिवाळीच्या साफसफाईत घरातली एक वस्तू वर्षातून एकदा हमखास खाली येते, ती म्हणजे खिडकीचा पडदा. झटकून, धुऊन तो पुन्हा टांगला, की पुढच्या दिवाळीपर्यंत त्याची आठवण कोणाला होत नाही. मराठी माणसाला पडदा म्हटले की आधी नाटक आठवते! शब्द मूळचा फारसी. पण रंगभूमीने तो असा काही आपलासा केला, की खिडकीच्या पडद्याकडे निरखून पाहायला आपल्याला फुरसतच झाली नाही.

त्याला कारणही होते. पुण्याच्या जुन्या वाड्यांत खिडकीला पडदा क्वचितच असे. जाड भिंती, लहान खिडक्या, लोखंडी गज आणि लाकडी दारे. ऊन आले की दार लोटायचे, वारा हवा असला की उघडायचे. ऐपतदार घरी उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा टांगून त्यावर पाणी शिंपडीत. पुढे वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, खिडक्या रुंदावल्या, त्यांना काचा आल्या आणि समोरच्या घरातली मंडळी आपल्याच पंगतीला बसल्यासारखी दिसू लागली. पडदा ही चैन न राहता गरज झाली. आता प्रश्न एवढाच, की तो कशाचा असावा?

माझे मत विचाराल तर हातमागाच्या सुती कापडाचा. अशा मतामागे भावना असणार, असे कोणी म्हणेल. आणि या बाबतीत भावनेला पुण्यात कधीच तोटा नव्हता. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबाराला गेले ते स्वतः कातलेल्या सुताचे कपडे घालून. पेटीत मावणाऱ्या चरख्याला ‘येरवडा चक्र’ हे नाव मिळाले ते गांधीजींच्या इथल्याच तुरुंगवासामुळे. पण पडदा विकत घेताना स्वदेशीची शपथ घालण्याची मुळीच गरज नाही. कापडाचा गुण पुरेसा आहे.

हा गुण मागातच आहे. मागावर लांबीच्या दिशेने ताणलेले धागे म्हणजे ताणा, आणि त्यांतून आडवा जाणारा तो बाणा. विणकर पायाने पावडी दाबतो, तसे ताण्याचे काही धागे वर उचलले जातात, काही खाली राहतात. त्या फटीतून धोटा पलीकडे जातो आणि फणीचा ठोका बाण्याला जागेवर बसवतो. इंचाला चाळीस आडवे धागे धरले, तर दोन यार्ड लांबीच्या एका पडद्यासाठी धोटा २८८० वेळा फेकावा लागतो! यंत्रापेक्षा इथे सुतावर ताण कमी पडतो. म्हणून कापड मऊ आणि हवेशीर उतरते. पश्चिमेच्या खिडकीला ते लावून पाहा. चैत्रातले दुपारचे ऊन त्यातून गाळून येते, आणि वारा मात्र अडत नाही.

दुसरी सोय फार थोड्यांना ठाऊक असते. मागावर ताणा चढवणे हेच मोठे खटाटोपाचे काम. एकदा तो चढला, की बाणा विणकराला हवा तेव्हा बदलता येतो. त्याच ताण्यावर बैठकीसाठी जाड सुताचा पडदा, मुलांच्या खोलीसाठी पट्ट्यापट्ट्यांचा आणि स्वयंपाकघरासाठी विरळ विणीचा, असे तिन्ही निघतात. दोन-तीन बिऱ्हाडांनी मिळून मागणी दिली, तर ती विणकरालाही परवडते.

विणकर म्हटला की आपल्याला सोलापूर आठवते. तेलंगणातून आलेल्या पद्मसाळी समाजाने तिथे माग रोवले आणि सोलापुरी चादर घराघरांत पोहोचवली. भिंतीवर लावायची विणलेली चित्रेही सोलापूरचीच. परंतु आज चादर आणि टॉवेल विणण्याचे तिथले बहुतेक काम यंत्रमागावर चालते. हातमागाला संरक्षण म्हणून १९८५ मध्ये कायदा झाला. सुरुवातीला बावीस प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले होते. ती यादी पुढे अकरावर आली. घरसजावटीचे काही कापड आजही तीत आहे. पण कायद्याने राखलेले काम गिऱ्हाइकाने मागितले नाही, तर माग चालणार कसा? २०१९-२० च्या गणनेत देशभर हातमागावर काम करणारे सुमारे पस्तीस लाख लोक आढळले, आणि त्यांत शेकडा सत्तरांहून अधिक स्त्रिया होत्या.

खरेदीला निघताना थोडे धोरण ठेवावे. खादी म्हणजे सूतही हाताने कातलेले. नुसत्या हातमागाच्या कापडात सूत गिरणीचे असू शकते. काठ नीट पाहावा. तो कापलेल्या दोऱ्यांच्या झालरीसारखा असेल, तर ते कापड हातमागाचे नव्हे. काठ सलग असला म्हणून मात्र खात्री देता येत नाही, कारण धोट्याच्या यंत्रमागावरही तसाच काठ येतो. २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ची चिठ्ठी मिळते, ती मागून घ्यावी. कापड उजेडासमोर धरून वीण पाहावी. पन्हा खिडकीच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट भरेल असा हिशेब करावा, म्हणजे चुण्या सुरेख पडतात. शिवण्यापूर्वी कापड रात्रभर पाण्यात भिजवावे. सुती कापड आटते. खालची दुमडही ऐसपैस ठेवावी. भडक रंग उन्हाने विटतात, तेव्हा कडक उन्हाच्या खिडकीला पाठीमागून साधे अस्तर द्यावे.

हे कापड थोडे महाग पडते, हे खरे. पण पैठणीला लग्नकार्याचे गिऱ्हाईक आहे, तिच्या विणकराला नाव आहे. साधे कापड विणणाऱ्याची गाठ थेट यंत्राशी पडते, आणि त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. पडदा हे साधेच कापड. आपल्या घरातल्या एका खिडकीपुरती जरी आपण त्याची बाजू घेतली, तरी कुठल्याशा गावी एक माग काही दिवस चालू राहील आणि आपल्या खोलीत ऊन जरा सौम्य होऊन येईल. दोन्ही घरांना सोयीचा असा सौदा बाजारात नेहमी मिळत नाही.