मुलांसोबत कापड रंगवताना: वनस्पतींच्या रंगांविषयीचे गैरसमज

मुलांना घेऊन टी-शर्ट किंवा रुमाल रंगवायचा ठरला की आधी बीट किसले जाते, आणि निराशेची सुरुवातही बहुधा तिथूनच होते. गडद दिसणारी भाजी किंवा फूल पक्का रंग देते, हा पहिला गैरसमज. बीट, जास्वंद, पालक यांचे रंग पाण्यात छान खुलतात, पण सुती धाग्याला धरत नाहीत. थोड्याच धुण्यांत उडून जातात. कांद्याची टरफले, डाळिंबाची साल आणि झेंडू मात्र भरवशाचे आहेत. बोरीवलीत दसऱ्यानंतर दारोदारची तोरणे उतरतात. त्यांतला झेंडू सावलीत वाळवून ठेवला तर वर्षभराच्या रंगकामाची सोय होते.

रंगाच्या पाण्यात मीठ किंवा व्हिनेगर घातले की तो पक्का होतो, असेही मानले जाते. सुती कापडावर वनस्पतिज रंग धरून ठेवण्याचे काम यांपैकी कशानेच होत नाही. ते काम तुरटीचे. तुरटीतील ॲल्युमिनियम एकीकडे धाग्याला आणि दुसरीकडे रंगकणांना धरते. सुताला तुरटी नीट धरावी म्हणून कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. हिरड्यातील टॅनिन हा दुवा जोडते. 100 ग्रॅम कापडाला साधारण 15 ग्रॅम तुरटी पुरते. त्याआधी कोऱ्या कापडाची खळ धुऊन काढलीच पाहिजे, नाहीतर डाग पडतात. पॉलिएस्टरवर ही मेहनत वाया जाते.

हळदीचा कपडा साबणाने लाल झाला की रंग बिघडला असे वाटते. खरे तर कर्क्युमिन हे द्रव्य अल्कलीत लाल होते आणि लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळे. हळदीत रंगवलेल्या कापडावर ब्रशने साबणाचे पाणी फिरवले की लाल रेघ क्षणात उमटते, आणि तिच्यावर लिंबू पडले की पुसल्यासारखी होते. मुलांना शिकवायला याहून सोपा प्रयोग नाही. मात्र हळद उन्हात विटते, म्हणून कायमच्या कपड्यासाठी ती निवडू नये.

सर्वांत घातक समज असा की निसर्गातले ते सारे निर्धोक. कण्हेर विषारी आहे. रंग पक्का करण्यासाठी वापरले जाणारे मोरचूदही विषारी असल्याने मुलांच्या हाती देऊ नये. तुरटी पुरेशी आहे, पण तिची पूड नाकातोंडात जाऊ देऊ नये. रंगाची भांडी स्वयंपाकाला वापरू नयेत आणि उकळते पाणी मोठ्यांनीच हाताळावे. मुलांनी कापडात हरभऱ्याचे दाणे धरून दोऱ्याने घट्ट बांधावेत. दोरा बसतो तिथे रंग शिरत नाही आणि सोडल्यावर बांधणीची वर्तुळे दिसतात.

फुकटचा पळस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून आणता येतो, हाही गैरसमजच. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार राष्ट्रीय उद्यानातून परवान्याशिवाय फुले, पाने, साल नेण्यास मनाई आहे. जमिनीवर गळून पडलेलीही त्यातच येतात. वाळलेली पळसफुले काष्ठौषधींच्या दुकानांत विकत मिळतात.

रंगवलेला कपडा पहिल्यांदा वेगळ्या बादलीत, रिठ्याच्या पाण्यात धुवावा आणि सावलीत वाळवावा.