मारुती ८०० चे इंजिन : आधी पाणी, मग पेट्रोल



डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बनायची बंद झाली. तरी काहींच्या दारात ती अजून उभी आहे. त्यांच्यासाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

इंजिन ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरचे. बोअर ६८.५ मि.मी., स्ट्रोक ७२ मि.मी. हेड ॲल्युमिनियमचे.

या इंजिनाचा खरा वैरी उष्णता. पाणी कमी, रेडिएटर चोंदलेला किंवा त्याचा विजेचा पंखा बंद, की काटा वर चढतो. तशीच गाडी दामटली तर हेड वाकते, गॅस्केट उडते, पाणी ऑईलमध्ये उतरते. ऑईल दुधाळ दिसले की इंजिन खोलावेच लागते. म्हणून काटा चढताच गाडी थांबवा. रेडिएटरचे झाकण मात्र गार झाल्यावरच उघडा, नाहीतर वाफेने हात भाजेल.

इंजिन थरथरते, ओढत नाही? एक सिलिंडर मिस मारत असेल, म्हणजे तिसरा हिस्सा जोर गेला. आधी प्लग व त्याची वायर पहा. निळा धूर म्हणजे ऑईल जळते, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते. टायमिंग बेल्ट तुटायची वाट न पाहता वेळेवर बदला.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यात आपल्या उसाचाही वाटा आहे. पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्याने फुगतात, चिरतात. पेट्रोल गळून आग लागू शकते. नळ्या तपासून घ्या.

उसाची पाण्याची पाळी आपण चुकवत नाही, तशी रेडिएटरचीही चुकवू नये.