बोलायचं कुठे?

आता या डिलाईल रोडचंच घ्या. पुनर्विकास सुरू आहे, पण इथल्या पिढ्या वाढल्या त्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत. आजी, आईवडील, भावंडं, शिवाय टीव्ही. अशा घरातल्या नववीच्या मुलाला आपण सांगतो, 'टेलिमानसच्या १४४१६ वर फोन कर.' सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे. पण बोलायचं कुठे, पॅसेजमध्ये? केईएमचा मानसोपचार विभाग जवळच. तिथे न्यायचं म्हणजे पालकाचा खाडा आणि चाळभर चर्चा. म्हणून शाळेतल्या समुपदेशनाचा आग्रह आम्ही धरतो.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. माणूस नेमला जाईल हो, पण त्याला खोली कुठली देणार? मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून दिलीत, तर मुलांना ती शिक्षाच वाटणार.

पालक विचारतात, मुलाने सांगितलेलं आम्हाला सांगणार ना? सरसकट नाही. जिवाला धोका किंवा अत्याचार असेल, तिथे मात्र गुप्तता संपते. लैंगिक अत्याचार कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारकच आहे. ही अट मुलाने तोंड उघडण्याआधी, पहिल्याच भेटीत त्याला सांगायची. ती ऐकून काही मुलं गप्प होतात. होऊ द्यावं. पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा बोलवावं. नुसती वही चाळत बसला तरी चालतं.