चार बाय पाचची न्हाणी

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. सबंध घर बांधण्याची ऐपत नसेल त्याने निदान एक न्हाणी बांधून पाहावी, असे मी अनुभवाने सांगते.

आमचे घर सटाण्याजवळ मळ्यात आहे. घरामागे चार खांब रोवून त्यांना गोणपाट गुंडाळलेले, हीच आमची न्हाणी होती. आई पहाटे चारला अंधारातच अंघोळ उरकी; मोठ्या झाल्यावर आम्ही बहिणीही तेच करू लागलो. गेल्या उन्हाळ्यात वडिलांनी नऊ इंची विटांच्या भिंती उभ्या केल्या, वर पत्रा टाकला आणि पैसे संपले. आतले सारे आम्ही बहिणींनी जुन्या, टाकाऊ वस्तूंतून केले. ते कसे केले हे सांगण्यासाठी हा लेख.

पहिला प्रश्न उजेडाचा. खिडकी ठेवली तर आडोसा जातो आणि न ठेवली तर अंधार होतो. लॉरी बेकर (१९१७–२००७) हे वास्तुशिल्पी केरळात कमी खर्चाची घरे बांधताना भिंतीत काचेच्या बाटल्या बसवीत, असे मी वाचले होते. म्हणून भिंत चढत असतानाच पूर्वेच्या बाजूला शरबताच्या सहा रिकाम्या बाटल्या आडव्या बसवून घेतल्या. बाटली आतून पूर्ण वाळवून बूच घट्ट लावावे, नाहीतर आत दमट वाफ धरते. बूड बाहेर आणि तोंड आत ठेवावे. उजेड येतो, नजर येत नाही.

दुसरे काम भिंतीचे. फरशीच्या दुकानामागे फुटक्या टाइल्सचा ढीग होता, तो वाहतुकीच्या खर्चात मिळाला. ढिगाकडे पाहून आई म्हणाली, "हाई भंगार घरमा कशाले आनी राहिनी व माय?" मी तिला चंदिगडच्या रॉक गार्डनची हकीकत सांगितली. नेकचंद हे तिथे रस्त्यांच्या कामावर देखरेख करणारे साधे सरकारी नोकर. फुटक्या कपबशा, बांगड्या, टाइल्स जमवून त्यांनी जंगलात गुपचूप पुतळ्यांची नगरीच उभारली. १९७६ साली ती लोकांसाठी खुली झाली आणि १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आईने सर्व ऐकून घेतले आणि "हात कापशी" एवढेच म्हणाली.

तिचे म्हणणे खरे होते. टाइल पोत्यात गुंडाळून मगच हातोडी मारावी. तुकडे पाण्यात बुडवून ठेवावेत. बुडबुडे थांबेपर्यंत काढू नयेत. कोरडा तुकडा सिमेंटातले पाणी पिऊन घेतो आणि पुढे सुटून पडतो. भिंतीला टोचे मारून ती भिजवावी, एका वेळी हातभरच जागेवर सिमेंट लावावे आणि तुकडे दाबून बसवावेत. दुसऱ्या दिवशी फटींत पांढरे सिमेंट भरून ओल्या फडक्याने पुसावे. मग सात दिवस पाणी मारावे. आम्ही कमरेपर्यंतच तुकडे लावले. वर चुना दिला.

जमिनीवर मात्र गुळगुळीत टाइल लावू नये, पाय घसरतो. आम्ही शहाबादी फरशीचे खडबडीत तुकडे वापरले. चार फुटांना एक इंच उतार मोरीकडे दिला. फरशी पक्की होण्याआधी तांब्याभर पाणी ओतून ते कोठे साचते ते पाहिले.

येथे एक वाद झाला. घरात जाते पडून होते. गिरणी आल्यापासून त्याला काम नव्हते. टाकीचे खडबडीत पेड, अंघोळीला बसण्यास उत्तम, म्हणून मी ते जमिनीत बसवायला काढले. आजी कडाडली, "जातं लक्ष्मी शे! तेवर पाय ठेवशी?" लग्नात आपल्याकडे जात्याची पूजा होते, त्याच जात्यावर हळद दळतात, हे मी विसरले होते. मग ते कोपऱ्यात रांजणाखाली ठेवले. जुन्या वस्तूला नवे काम देताना तिचा मानही पाहावा लागतो, हे तेव्हा कळले.

आमच्याकडे आणखी एक जुने सामान होते. तेल्या रोगाने आमच्या कसमादे पट्ट्यातल्या डाळिंबाच्या कित्येक बागा उजाड केल्या. त्यांत आमचीही गेली. ठिबकच्या नळ्या आणि तार गोठ्यात पडून होती. वडील तिकडे पाहायचे टाळीत. आम्ही नळीत तार ओवून ती भिंतीला ताणली. कपड्यांना गंजाचा डाग पडत नाही. वडिलांनी स्वतः येऊन तारेला पीळ दिला. बोलले काही नाहीत.

एक चूकही सांगते. मोडक्या कपाटाच्या प्लायवूडची फळी लावली होती. ती पहिल्याच महिन्यात फुगली. तिच्या जागी आता शहाबादीचा तुकडा आहे. मालेगावहून आणलेल्या जुन्या दाराला खाली वीतभर पत्रा ठोकला, म्हणून ते टिकले. न्हाणीत वस्तू निवडताना ती पाण्याला टिकेल का हे आधी पाहावे, दिसण्याचे नंतर.

सकाळी सातला ऊन बाटल्यांतून येते आणि टाइलच्या तुकड्यांवर हिरवे ठिपके पडतात. आई आता पहाटे चारला उठत नाही. परवा ओले केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आते उजेडमा आंग धोवाले बरं वाटस."